दुसरी गाठ

९ सप्टेंबर

चि. सौ. छोटीस,
अ. उ. आ.

आठवतं, कॉन्व्हेंटच्या फाटकाशी थांबवून मी रोज तुझ्या रिबिनी पुन्हा बांधायची? गाठीवर गाठ. संध्याकाळी त्या सुटायच्या नाहीत. आई कुरकुरत कात्री लावायची आणि म्हणायची, हिची गाठ म्हणजे कुलूपच.

हे गेल्यावर तू इथे चार दिवस राहिलीस, पण एक गोष्ट सांगायला माझं तोंड उघडलं नाही. वादळाच्या दुपारी ह्यांची पाठ धरली होती, म्हणून धक्क्यावर होडी बांधायला मी गेले. परत येऊन फुशारकीनं सांगितलं, दोन गाठी मारल्यात, आता हलायची नाही. ह्यांनी विचारलं, ढील किती ठेवलीस? ठेवलीच नव्हती. तीस वर्षं होड्या दुरुस्त करणाऱ्याची बायको मी. पाणी चढलं की होडीलाही वर यावं लागतं, आखूड दोर तिला खाली धरून बुडवतो, एवढं कळायला हवं होतं. हे रागावले नाहीत. चहा ठेव, आलोच, म्हणाले आणि बूट चढवून गेले.

पुढचं तू पाहिलंसच.

हे वाचूनही माया राहिली तर कळव.
तुझी ताई


१६ सप्टेंबर

ती. ताईस,
सा. न.

पत्र वाचत ओट्याशी उभी होते, दूध उतू गेलं तरी कळलं नाही. ताई, आठ फूट पाणी चढलं, अर्धा धक्का वाहून गेला. ढील ठेवली असतीस तर सगळं वाचलं असतं, असं कोण छातीठोक सांगेल? भाऊजींच्या कमरेला सुरी कायम असायची. त्यांनी दोर केव्हाच कापला असेल, मग लाटेनं ओढलं असेल. त्यात तुझ्या गाठीचा काय संबंध?

घरात गुडघाभर गाळ, अर्धा शेजार रिकामा. तिथे कुणासाठी बसली आहेस? आमचे हे म्हणतात, ताईंना वरची खोली देऊ, फक्त माझ्या घोरण्याची तक्रार चालणार नाही. ये गं.

माया राहिली तर, असं पुन्हा लिहू नकोस.
तुझी छोटी


२ ऑक्टोबर

चि. सौ. छोटीस,
अ. उ. आ.

वकिलासारखी माझी बाजू मांडलीस. पण परवा क्रेननं होडी वर काढली. समोरचा सुतार मला बोलवायला आला आणि दारातच म्हणाला, वहिनी, नका येऊ. मी गेलेच. दोर कापलेला नव्हता. वरची गाठ सुटलेली होती. खालची तशीच.

सुरी घरातच सापडली, पलंगाखालच्या गाळात, पट्ट्यासकट. पाठ दुखते म्हणून ह्यांनी पट्टा काढून ठेवला होता. घाईत तसेच गेले. म्हणजे त्या पाण्यात ते बोटांनी माझी गाठ सोडवत होते, छोटी.

शनिवारी येते. इथे राहून आता काय सांभाळू? पण मी तिथे येऊन हसेन-बोलेन, असं मनात धरू नकोस.

आहे तशी घरात घे.
तुझी ताई

ता. क. तुझे यजमान टेम्पो घेऊन सामान हलवायला येतील, त्यांना हे वाचून दाखव. रंधा आणि करवती समोरच्या सुताराला, त्याची सगळी अवजारं गेली. ह्यांचा रेनकोट पलीकडच्या इंजिनवाल्याला. बाह्या आखूड होतील, पण तो नको म्हणणार नाही. शिलाई मशीन गंजलं, ते भंगारात. सुरी मी घेतली आहे. पडवीत खुंटीला होडीचा दोर आहे, तो तुला. मी काल दिवसभर बसले, मला ती गाठ सुटली नाही. तू सोडव, कितीही दिवस लागोत. फक्त कात्री लावू नकोस.