पंख्याखालचं प्लास्टिक

नाही, मी कॉम्प्युटरला बोटसुद्धा लावलेलं नाही. तू विचारलं नाहीस हे मला कळतं, पण उद्या विचारशील, म्हणून आधीच सांगून ठेवते. बाकी धाकट्या, ताईचा आशीर्वाद घे. तुझी पाठ कशी आहे? बायकोचा खोकला गेला का? इकडे सगळे ठणठणीत, ताप फक्त कॉम्प्युटरला.

गेल्या सुट्टीत तू आलास, आतला पंखा घरघर करतो म्हणून नवा बसवून दिलास, आणि जेवून गेलास. तेव्हापासून ते यंत्र चालता चालता मान टाकतं. (आधी आवाज करायचं, पण जिवंत होतं.) सूनबाई म्हणते प्रोसेसर तापतो, म्हणजे त्याचा मेंदू. या घरात तापलेल्या मेंदूचे आणखी दोघं आहेत, ते कधी बंद पडत नाहीत.

काल मात्र गंमत नव्हती. नोकरी सोडून तिने घरीच इमारतींचे नकाशे काढायला घेतलेत, तुला माहीत आहे. पहिलंच मोठं काम, एका दवाखान्याचं. नकाशा पाचच्या आत गेला नाही तर काम दुसऱ्याला. ती भिंत काढायची, की पडदा काळा. परत चालू करून खिडकी काढायची, परत काळा. रडली असती तर मी चार शब्द बोलले असते. पण ती ओठ आवळून नुसती बसलेली. असल्या बाईची मला भीती वाटते (मी स्वतः तसलीच आहे). यांना मी टेबलफॅन धरून उभं केलं. बर्फाची पिशवी घेऊन गेले तर म्हणाली, "आई, प्लीज, लांब ठेवा ते." तोंडाने प्लीज म्हणाली, डोळे म्हणत नव्हते. पडद्याच्या कोपऱ्यात तापाचा आकडा चढत होता, ऐंशी, नव्वद, आणि आम्ही तिघं डॉक्टरच्या तोंडाकडे बघावं तसे त्याच्याकडे बघत होतो. परत अंधार.

शेवटी तिने स्क्रू काढून पंखाच उचलला. त्याच्या बुडाला प्लास्टिकचा पातळ पापुद्रा, जसाच्या तसा. (तसा तो आमच्या सोफ्यावरही आहे, पण सोफा तापत नाही.) बसवायच्या आधी सोलायचा असतो म्हणे, लाल अक्षरांत छापलेलंही होतं. मेंदूची धग पंख्याकडे जायची, तर मध्ये हा रेनकोट. मध्ये लावायचं ते राखाडी मलमही प्लास्टिकवरच चोपडलेलं.

"मामा एवढे हुशार, आणि हे राहिलं कसं?" सूनबाई म्हणाली. मी खिडकीबाहेर बघत होते.

जुनं मलम पुसलं, तर नवं कुठून आणायचं, दुकान दुपारचं बंद. तेव्हा बटणांच्या डब्यातून तुझी उरलेली अर्धी नळी मीच काढून दिली. (ताई काही टाकत नाही म्हणून हसता ना सगळे.) तिने वाटाण्याएवढं मलम लावलं, पंखा आवळला, यंत्र चालू केलं. आकडा चढत साठावर आला आणि तिथेच बसला. यांचा हात भरून आला होता, तरी टेबलफॅन खाली ठेवायची छाती होईना. पाच वाजायच्या जरा आधी नकाशा गेला, मिळाल्याचा निरोपही आला. मग ती रडली.

तुझी ताई

ता.क. सूनबाईचा तुला फोन येईल. प्लास्टिक मीच विसरलो, एवढंच सांग. शिकलेला आहेस, तुला एखादी चूक शोभून जाईल. मला तिच्याबरोबर एका घरात राहायचंय.

आणखी एक. त्या दिवशी तू ते सोलायला घेतलंस, आणि मागून कोणीतरी म्हणालं, "राहू दे रे, नवं आहे, ओरखडे पडतील," असं तुला आठवत असेल तर विसर. कोणी म्हणालं तरी ऐकायचं का, एवढी अक्कल तुला हवी होती. यावर मी आता एक अक्षर लिहिणार नाही, आणि तूही विचारू नकोस.