कोपरावरचं ठिगळ

सोकचो, ८ सप्टेंबर १९९६

ति. कुमसूनताईस,
इनहेचा नमस्कार.

तुझं पत्र जूनमध्ये आलं आणि उत्तर मी आज लिहिते आहे. तीन महिने गप्प राहिले त्याची माफी कर. शाळेच्या परीक्षा, ह्यांची पाठदुखी अशी कारणं देता येतील, पण ती खरी नाहीत. मी घाबरले होते. तोकसूमामा जिवंत आहे, मुसानच्या खाणवस्तीत मुलगी-जावयाकडे राहतो, बहिणीचा फोटो मागतो, एवढंच तू चार ओळींत लिहिलंस. त्या चार ओळी आईला वाचून दाखवायला मला अकरा दिवस लागले. रोजनिशीत रोज लिहायचे, ‘आज सांगायचं’, आणि रोज राहायचं.

सांगितलं तेव्हा आई मासे साफ करत होती. ती साफ करतच राहिली. मग म्हणाली, की म्हणजे तो आता सत्तावन्नचा झाला, त्याला दात तरी उरलेत का ते विचार.

तिघं भावंडं, तीन देशांत. तुझी आई लग्न होऊन नदीपलीकडे चीनमध्ये गेली, माझी आई युद्धात बोटीत बसून इकडे दक्षिणेत आली, आणि धाकटा तिथेच, उत्तर कोरियात राहिला. बोटीच्या धक्क्यावर मी आईच्या पाठीवर होते, तीन महिन्यांची. डिसेंबरचा वारा होता. अकरा वर्षांच्या मामाने अंगातली कापूस भरलेली बंडी काढून माझ्यावर टाकली. आई त्याला म्हणाली होती, की तीन दिवसांत येते, आल्यावर बंडी देते. मला यातलं काहीच आठवत नाही, पण ऐकून ऐकून अंगावर तिची ऊब आठवावी असं झालं आहे.

बहिणीचा फोटो हवा असं मामाने तुझ्याकडे निरोपात सांगितलं, तर आम्ही काढतो. फोटोग्राफरकडे जायला नको, तो फोटोखाली दुकानाचं आणि गावाचं नाव छापतो. घरीच काढू. कपडे काय घालावेत ते तू सांग. मामासाठी मी एक जाड, कापूस भरलेला कोट घेऊन ठेवला आहे. बाह्या आईने स्वतःचे हात पसरून, वर चार बोटं जास्त धरून मापल्या. म्हणाली, तोकसूची मनगटं जन्मभर बाहीबाहेर.

तुझ्या पत्राकडे डोळे लावून,
इनहे


येन्जी, १७ सप्टेंबर १९९६

चि. इनहेस,
ताईचे आशीर्वाद.

अगं, माफी कसली मागतेस. पंचेचाळीस वर्षं कुणीच कुणाला लिहिलं नाही, त्यात तुझे तीन महिने कुठे मोजायचे? मी पहाटेपासून दुपारपर्यंत बाजारात टोफू विकते, दुपारनंतर माझी बोटं लेखणी धरत नाहीत. म्हणून थोडक्यात लिहिते.

पुढच्या महिन्यात माझा पलीकडे जायचा परवाना निघेल. नाक्यावर पिशवी उलटी करून बघतात. तुमचा फोटो मी माझ्या सासरच्या माणसांचा म्हणून नेणार. तेव्हा तुम्ही आमच्यासारखे दिसायला हवेत, दक्षिणेतल्यासारखे नाही. कपड्यावर अक्षर नको, कसलंच नको. निळी जाड पँट नको. सोनं नको. केस रंगवलेले नकोत. पाठीमागे टीव्ही, फ्रीज, टेलिफोन दिसला तर मलाच तिकडे ठेवून घेतील. तुझ्या नवऱ्याच्या पोटाचं काय करायचं ते तूच बघ, एवढं पोट आमच्याकडे फक्त अधिकाऱ्यांना असतं. त्याला मागे उभा कर.

साधे दिसा, बस. भिकारी दिसू नका.

कोट मात्र आत्ता पाठवू नकोस. पहिल्या फेरीत फोटोच जाऊ दे. त्यांच्याकडूनही फोटो घेऊन येते, त्यांचं कसं काय चाललंय ते बघू, मग थंडीच्या आत काय न्यायचं ते ठरवू. मी अजून मामाला पाहिलेलं नाही, जूनमध्ये फक्त जावई भेटला होता आणि तो अवघडून माझ्या चपलांकडे बघत होता.

मावशीला सांग, तिच्या भाचीचा टोफू तिच्या बहिणीच्या हातासारखाच होतो.

तुमची काळजी करणारी,
कुमसून


सोकचो, ७ ऑक्टोबर १९९६

ति. कुमसूनताईस,
इनहेचा नमस्कार.

फोटो सोबत आहे. काल रविवारी काढला. चौघांच्या कपड्यांसाठी घरातली तिन्ही कपाटं जमिनीवर रिकामी झाली होती. सोराचा एकही कपडा बिनअक्षराचा निघाला नाही. ती सतरा वर्षांची आहे, म्हणाली की मग मी अंगाला चादर गुंडाळून बसते. शेवटी माझ्या कॉलेजातला तपकिरी स्वेटर तिला दिला. आरशात बघून म्हणाली, आई, तू अशी दिसत होतीस आणि तरी बाबांनी लग्न केलं? ह्यांनी सासऱ्यांचा जुना कोट घातला. त्याची बटणं लागेनात, म्हणून तुझ्या सल्ल्याप्रमाणे मागे उभे राहिले.

अडलं ते आईपाशी. तिला तिचा फिकट हिरवा हानबोक नेसायचा होता, सोराच्या काकाच्या लग्नातला. म्हणाली, की पंचेचाळीस वर्षांनी भाऊ बघणार आणि मी काय भांडी घासताना उठून आल्यासारखी बसू? मी म्हटलं रेशीम चमकतं, नाक्यावर दिसेल. पांढरी चोळी आणि काळा परकर चालेल का, असं सुचवलं तर माझ्यावर ओरडली. पांढरं आपण घरातलं माणूस गेल्यावर घालतो, भावाला काय अपशकुन पाठवू?

मग मी तिचा राखाडी स्वेटर काढला. तो चांगला होता, चांगलाच होता. ताई, पुढचं लिहू की नको असं वाटतं आहे, पण तुझ्यापासून लपवून काय मिळणार? मी त्या स्वेटरच्या उजव्या कोपरावर ठिगळ लावलं. खाली भोक नव्हतं. धडधाकट लोकरीवर मी तपकिरी तुकडा ठेवून टाके घातले, आणि हात गुडघ्यावर असा ठेवायला लावला की ठिगळ दिसावं. माझा विचार असा होता, की मामाची काय परिस्थिती आहे ते माहीत नाही, आपण बोटीत बसून आलो आणि सुखात राहिलो हे त्याच्या डोळ्यांत खुपू नये. बंडी त्याने दिली होती. आई ठिगळाकडे बघत राहिली. म्हणाली, तो म्हणेल, एवढं करून गेलीस ती याच्यासाठी?

तरी ती बसली. आज फोटो हातात घेतल्यावर मला कळत नाही, मी हे मामाच्या मनासाठी केलं की माझ्या.

कोट तुझ्या सांगण्यापर्यंत कपाटात ठेवते.

नदीवरच्या वाऱ्यापासून जपून राहा.
इनहे


येन्जी, १० नोव्हेंबर १९९६

चि. इनहेस,
ताईचे आशीर्वाद, मावशीला दंडवत.

जाऊन आले. नाक्यावरच्या शिपायाने तुमचा फोटो बघितला, सोरावर बोट ठेवून म्हणाला, ही पोरगी रुसलीये का. मी म्हटलं, लग्न ठरत नाही म्हणून. त्याने सोडलं.

घरापर्यंत जाऊ दिलं नाही. पुलापलीकडच्या कचेरीत मामाची मुलगी बोकशिल भेटायला आली. इनहे, तिच्या अंगावर गडद निळा लोकरीचा झगा होता, पायात कातडी बूट. मीच माझी टोफूच्या डागांची बाही मागे घेतली. बारीक दिसत होती, म्हणाली उन्हाळ्यात ताप आला होता. तुमचा फोटो मी पहिल्या दिवशी दिला, तिसऱ्या दिवशी ती त्यांचा फोटो घेऊन परत आली. सोबत पाठवते. मामाचा ओव्हरकोट बघ, मामीचा मखमली परकर बघ. आमच्या गल्लीत एकाकडेही असं नाही. लोक पलीकडच्या उपासमारीचं काय काय सांगतात, मीही बाजारात ऐकते, पण खाणीवाल्यांना शिधा मिळत असेल.

मामाने निरोप दिला, की आमचं उत्तम चाललं आहे, माझ्या ताईला सांगा इकडची काळजी करू नये. आणि तिला म्हणून एक पिशवी दिली. तीन वाट्या सोयाबीन आहे, आपल्या मातीतलं. मी नको नको म्हणत होते, तर बोकशिलने पिशवीची गाठ माझ्या बोटाला गुंडाळली आणि म्हणाली, की बाबांनी तो कोपर बघितला आणि उठूनच गेले. हे नेलं नाहीत तर ते मला घरात घेणार नाहीत.

कोटाचं तूच ठरव. दुसरी फेरी डिसेंबरच्या मध्याला. मला विचारशील तर, त्यांना गरज नाही.

सगळ्यांना पोटाशी धरून,
कुमसून


सोकचो, २५ नोव्हेंबर १९९६

ति. कुमसूनताईस,
इनहेचा नमस्कार.

सोयाबीन पोचलं. आईने ते शिजवून, कुटून, आंबवून मसाला करायला त्याची वीट केली. तीन वाट्यांची वीट केवढी होणार, मुठीएवढी झाली. पेंढ्याच्या दोरीने खिडकीपाशी टांगली आहे. सोरा वासाने नाक धरते, आई तिला म्हणते, धर, तुझ्या आईच्या आजोळचा वास आहे.

कोट पाठवत नाही. आठवडाभर विचार केला. मामाकडे ओव्हरकोट आहे. आता आपला नवा कोट गेला तर तो विचारेल, ठिगळवाल्या बहिणीकडे एवढा कोट कुठून आला? मग ठिगळ हे नाटक होतं हे त्याला कळेल. त्याने त्या ठिगळाकडे बघून सोयाबीन पाठवलं. ते कसं वाटेल त्याला? मी खोटेपणाची लाज वाचवते आहे की त्याचा मान, ते नीट सांगता येत नाही. पण कोट राहू दे. वसंतात सगळं खरं लिहू आणि मग पाठवू.

एक गोष्ट लिहून ठेवते. आई फोटो भिंगाखाली धरून बसते. म्हणाली, की तोकसूची मनगटं बाहीबाहेर असायची, इथे बाही बोटांवर आली आहे, असं कसं? मी म्हटलं, माणसं म्हातारपणी आक्रसतात. तिने भिंग खाली ठेवलं. मी चटकन उत्तर दिलं, हे मला आवडलं नाही.

तुझ्या आठवणीत,
इनहे


येन्जी, १२ फेब्रुवारी १९९७

इनहे,

नवं वर्ष लागलं, पण आशीर्वाद लिहायला हात उठत नाही. मामा गेला. जानेवारीच्या नऊ तारखेला.

नदी गोठलेली होती. बोकशिल माझ्या स्वयंपाकघरात बसली आहे, याहून जास्त लिहीत नाही. आली तेव्हा अंगावर खताच्या दोन पोत्यांचं शिवलेलं काहीतरी होतं. मी डिसेंबरात गेले तेव्हा ती पुलापाशी आलीच नव्हती. मला वाटलं, आपण रिकाम्या हाताने आलो म्हणून रुसली. आता कळतं, तिच्याकडे बाहेर पडायला कपडे नव्हते.

तो ओव्हरकोट खाणीतल्या मुकादमाचा. मखमली परकर शेजारणीचा. कातडी बूट तिसऱ्याच कुणाचे. तिकडे असंच असतं म्हणे, कुणाच्या नातलगांना फोटो पाठवायचा असला की गल्लीतले धडके कपडे त्या घरी येतात, आणि संध्याकाळच्या आत परत जातात. मामाचा स्वतःचा कोट उन्हाळ्यातच मक्यासाठी गेला होता. आधी तो फोटो काढायलाच तयार नव्हता. तुमचा फोटो बघून म्हणाला, की माझ्या बहिणीच्या कोपरावर ठिगळ आहे, मी फाटका दिसलो तर ती तोंडचा घास काढून पाठवेल. माझ्यासाठी कोट मागून आणा.

सोयाबीन घरात तेवढंच होतं.

शेवटी छाती भरली होती, आणि पांघरायला एक गोधडी चौघांत. मीच लिहिलं होतं ना तुला, गरज नाही म्हणून. बोकशिलची झग्याच्या बाहीबाहेर आलेली मनगटं मला दिसली होती, इनहे. मी बूट बघत बसले.

बोकशिल मला विचारते, आत्याचं आता बरं चाललंय का, नवा स्वेटर मिळाला का. मी काय सांगू? मावशीला तू काय ते सांग, माझ्याच्याने होणार नाही.

कुमसून


सोकचो, ९ मार्च १९९७

ति. कुमसूनताईस,
इनहेचा नमस्कार.

तुझं पत्र येऊन सोळा दिवस झाले. या वेळी मी रोजनिशीत काहीच लिहिलं नाही.

बोकशिलला खरं सांग. खाली भोक नव्हतं म्हणून सांग. आत्याकडे सहा स्वेटर आहेत, कपाटात तिच्या बाबांच्या मापाचा कोट सप्टेंबरपासून होता, आणि तो पाठवायचा नाही असं मी ठरवलं, आत्याने नाही, हेही सांग. तू स्वतःला काही लावून घेऊ नकोस. तू साधे दिसा म्हणाली होतीस, ठिगळ माझं. तिने मला शिव्या दिल्या तर त्या जशाच्या तशा लिहून पाठव, गाळू नकोस.

कोट काल टपालात टाकला. तिचे हात बापासारखे लांब आहेत असं तुझ्या ओळीवरून वाटलं. बाह्या पुरतील.

आईला अजून सांगितलेलं नाही. तिने परवा मामाच्या सोयाबीनची वीट खाली उतरवली, घासून धुतली आणि मिठाच्या पाण्यात घातली. झाकण लावताना म्हणाली, की मे महिन्यात मसाला तयार होईल, वाडगाभर कुमसूनकडून तोकसूला पाठवू, त्याचंच त्याला. मग म्हणाली, आता पुन्हा फोटो काढायचा, आणि या वेळी तुझं मी ऐकणार नाही. फिकट हिरवा हानबोक काढून दोरीवर टाकला आहे. आज दुपारी त्याला इस्त्री करत होती. तोंडाने पाणी शिंपडायची आणि इस्त्री फिरवायची. कॉलर मला दाखवली, सरळ बसते ना? मी सरळ बसते म्हटलं.

सोरा माझ्या तोंडाकडे बघत होती. नंतर स्वयंपाकघरात येऊन म्हणाली, की आजीला तू सांगत नसशील तर मी सांगते. मी तिला नको म्हटलं. पण मी जे काही बोलेन त्यात मी स्वतःला वाचवत असेन. आईला कापड बघून कळतं. तिच्या हातात ठेवलं की तीच विचारेल, कोण. मग नाव सांगावं लागेल, आणि त्यामागून ठिगळ आणि कोट.

बोकशिलला ऊब दे. माझ्यावरचा तुझा लोभ उरला असेल तर तोही तिलाच दे.

इनहे

(रोजनिशीत, त्याच रात्री) उद्या: बाजारातून आईसाठी पांढरं सुती कापड आणायचं, चोळी आणि परकर दोन्ही होतील एवढं.