शिसवाची मूठ

३ जून

चि. धाकट्यास ताईचे अनेक आशीर्वाद.

टाइप केलेलं पत्र बघून घाबरू नकोस, कोर्टाची नोटीस नाही. ठकीनं कारखान्यात कॉम्प्युटर आणलाय, त्यावर मी एका बोटानं ठोकत बसते. माझं अक्षर तसंही तुला कधी लागत नव्हतं.

सोबत एक पुडकं आहे. त्यात माझी कातडी तासायची सुरी आहे. हो, तीच. तिची मूठ उभी चिरली. दोन-तीनदा हातातून खाली पडली, आणि अक्रोडाचं लाकूड ते बिचारं सोसून सोसून किती सोसणार? तू उमेदवारी करत होतास तेव्हा बसवलेली ती तुझी पहिली मूठ. तिच्यावर मी सगळं आयुष्य लोकांची पुस्तकं बांधली, तेव्हा तक्रार काहीच नाही. पातं अजून उत्तम आहे. त्याला नवी मूठ बसवून दे.

तुझ्या नेमाप्रमाणे ओल्या मातीचा गोळा मुठीत दाबून, वाळवून पाठवला आहे. माती शेजारच्या कुंभाराची. मूठ कशाची करायची ते तू सुचव, ठरवीन मी. घाई कर असं म्हणत नाही, पण तुझ्या नेहमीच्या चालीनं गेलास तर मात्र माझ्याशी गाठ आहे.

इकडे आम्ही मायलेकी ठीक. ठकी काम सफाईनं करते, फक्त पुस्तकाची पाठ गोल करताना लहानपणासारखी जीभ बाहेर काढते. वहिनीचे गुडघे कसे आहेत? लोभ आहेच, तो राहू दे.

तुझी ताई


१२ जून

ती. ताईस सा. न. वि. वि.

पुडकं मिळालं. पोस्टमनला आता सवय झाली आहे. पूर्वी मी गिऱ्हाइकांना ‘मूठ पाठवा’ असं लिहायचो आणि घरोघरचे मातीचे गोळे येऊन पडायचे, तेव्हा त्याला वाटायचं की माझ्यावर कुणीतरी मूठ मारतंय.

आता मुद्द्याचं. शिंगाची मूठ दिसते देखणी, पण तुझे हात दिवसभर खळीत. ओल्या हातात शिंग माशासारखं निसटतं. पितळेचं नावच काढू नकोस. घामानं काळं पडतं आणि तोच काळा अंगठा तू कुणाच्या तरी कोऱ्या पानावर उमटवशील. प्लास्टिक स्वस्त आणि मस्त, पण वीस वर्षं हातात धरलं तरी ते तुला ओळख दाखवणार नाही. राहिलं लाकूड. माझ्याकडे शिसवाचा एक जुना तुकडा आहे, जड, तेलकट, काळाभोर. पण शिसव म्हणजे हट्टी माणूस. हाताला दाद द्यायलाच दहा वर्षं घेतं. साठीला टेकलेल्या बाईनं ते खटलं कशाला मागे लावून घ्यावं? पुन्हा अक्रोडच घे. वर्ष-दोन वर्षांत सरावेल.

आता खरी गंमत. तुझी करंगळी पुस्तकं दाबायच्या शिकंज्यात सापडून वाकडी झाली त्याला जमाना लोटला. जुन्या मुठीवर तिची खाच पडली आहे, बाकीची बोटं ओळीत आणि ही एकटी रुसून बाजूला. तू पाठवलेल्या गोळ्यात मात्र करंगळी सरळ! असा डॉक्टर कुठे गाठलास? त्याचा पत्ता दे, हिच्या गुडघ्यांसाठी. नाहीतर सरळ कबूल कर की ही मूठ ठकीची आहे आणि तू माझ्या डोळ्यांत धूळ फेकायला निघाली होतीस.

हिचा नमस्कार. रागावू नकोस, आणि रागावलीस तरी पत्र पाठव.

तुझा धाकटा


२० जून

चि. धाकट्यास अनेक आशीर्वाद.

पकडलंस. लहानपणी मी खाऊचा डबा उघडल्याचं कळायचं तुला, तसंच.

मूठ ठकीचीच आहे. तिला पत्ता नाही. माती नीट मळली गेली आहे का ते दाबून सांग म्हटलं, तिनं दाबून सांगितलं आणि परत कामाला लागली. इतकी वर्षं पोरगी दुसऱ्याची बोथट सुरी घासूनपुसून वापरते आहे. माझी मागायला तोंड उघडत नाही. म्हणून ठरवलं, हेच पातं तिला द्यायचं, तिच्या हाताच्या मुठीसकट.

आणि मूठ शिसवाची कर. अक्रोड नको. दहा वर्षं लागतात म्हणालास ना, म्हणूनच. तिच्याकडे दहा वर्षं आहेत. लवकर सरावणाऱ्या मुठी लवकर झिजतात, हे तूच एकदा मला व्याख्यान दिल्यासारखं सांगितलं होतंस.

एकच अट. सुरी मला पाठव, तिला नाही. मला ती तिच्या हातात माझ्या हातानं द्यायची आहे. तेव्हा जुलै संपायच्या आत बघ. वहिनीला गुडघ्यांवर गरम पाण्याचा शेक द्यायला सांग आणि तू तिला पाण्याची बादली उचलायला लावू नकोस. आशीर्वाद आहेतच.

तुझी ताई


२९ जून

ती. ताईस सा. न. वि. वि.

तुझं पत्र घेऊन बसलो आहे. तिच्याकडे दहा वर्षं आहेत, हे वाक्य मला काही बरं वाटत नाही. मग तुझ्याकडे काय आहे?

तू जन्मात कधी सुरी खाली पाडली नाहीस. एकदा गरम सरस हातावर सांडला होता तेव्हाही आधी सुरी टेबलावर ठेवलीस आणि मग ओरडलीस. ती आता दोन-तीनदा पडते. पत्रं टाइप करून येतात. आणि जिला आम्ही कुणी हात लावलेला तुला खपत नव्हता, ती सुरी तू देऊन टाकतेस. मग तू काय वापरणार? मी विचारलं तर फोनवर तू हिच्या गुडघ्यांवर घसरतेस. परवा तर ठकीनं फोन उचलला आणि आई झोपली आहे म्हणाली, भर दुपारी. तुला दुपारी झोपलेलं मी कधी पाहिलेलं नाही.

म्हणून आता माझी अट. तुझी स्वतःची मूठ पाठव. तुला अक्रोडाची दुसरी सुरी करून देतो, जोडी होईल. गोळा येईपर्यंत शिसवाचा तुकडा कोपऱ्यात पडून राहील. मला हट्टी म्हण, काय वाट्टेल ते म्हण.

तुझा धाकटा


९ जुलै

चि. धाकट्यास अनेक आशीर्वाद.

मूठ पाठवते आहे. आधीच सांगते, मी होता नव्हता तेवढा सगळा जोर लावला आहे. उगाच वरवर दाबला असं समजू नकोस.

हातातली शक्ती जाते आहे रे. गेल्या वर्षी बोटांपासून सुरू झालं, मग दंड, आता पायही. डॉक्टर म्हणतात की नसांचा आजार आहे, औषध असं नाही, आणि आता श्वासावर यायला लागलं आहे. ठकीला सगळं माहीत आहे. तुला कळवायचं नाही अशी मीच तिला शपथ घातली होती, तिच्यावर चिडू नकोस. दुपारी मी झोपलेलीच होते, ती खोटं बोलली नाही.

तुला का सांगितलं नाही, तर तुझा चेहरा. तू येऊन समोर बसला असतास आणि तुझ्या चेहऱ्याकडे बघून मला स्वतःची कीव आली असती. इथे ठकी काम करते, मी खुर्चीतून तिच्या चुका काढते, दिवस बरा जातो. मला तो दिवस तसाच हवा होता. तुझ्यावर अन्याय झाला, कळतं मला.

दुसरी सुरी करू नकोस. तो गोळा म्हणजे फक्त तुझ्या प्रश्नाचं उत्तर आहे. शिसव काढ कोपऱ्यातून. एक सुरी उचलून दुसऱ्याच्या हातात ठेवण्याइतकी शक्ती अजून आहे, पण ती रोज मोजूनमापून वापरावी लागते. तेव्हा आता तरी गोगलगाय होऊ नकोस.

सही टाइप केलेली नाही, हातानं केली आहे. ओळखू येते का ते कळव.

ताई


१६ जुलै

ती. ताईस सा. न. वि. वि.

सही ओळखली. अक्षर तुझं मला कधी लागत नव्हतं, आताही लागलं नाही, पण ओळखलं.

गोळा हातात घेतला. ओल्या मातीवर चिमणी बसून उडून जावी, एवढंच काय ते उमटलं आहे. मी कारखान्यातच रडलो. ही चहा घेऊन आली तेव्हा भुसा डोळ्यांत गेला म्हणालो, आणि तिनं नुसतं गोळ्याकडे बघितलं आणि माझ्या शेजारी बसली. तिला मी काही सांगायची गरजच पडली नाही.

मला तुझा राग आला आहे. तो मी तिथे येऊन तुझ्या तोंडावर बोलून दाखवणार आहे.

सुरी झाली. इतक्या वेगानं मी कधी काम केलेलं नाही, तुला बघायला आवडलं असतं. शिसव कानशीला दाद देत नव्हतं, दोन कानशी बोथट केल्या त्यानं. पातं लाखेत पक्कं बसवलं आहे, जवसाचं तेल पाजलं आहे. मूठ ठकीच्या गोळ्याबरहुकूम. थोडा माझा आगाऊपणा आहे, तो तुला हाताला लागेल. मला गाडीचं तिकीट शनिवारचं मिळतं आहे. सुरी तेवढी थांबायला नको म्हणून कुरियरनं पुढे पाठवतो. मी मागोमाग येतोच आहे. माझ्याशी भांडायला थोडा दम राखून ठेव, ताई. फार मागत नाही.

तुझा धाकटा


४ ऑगस्ट

ती. मामांस शि. सा. न.

तुम्ही आलात तेव्हा काहीच बोलता आलं नाही. घरात माणसं होती, आणि तुम्ही शिकंज्यावर हात ठेवून बसलात ते उठेचनात. शुक्रवारऐवजी शनिवार उजाडला असता तर, हे मी रोज मनात म्हणते. तुम्हीही म्हणत असाल. म्हणून निदान शेवटचा दिवस तुम्हाला लिहून कळवते.

पार्सल गुरुवारी दुपारी आलं. आईनं मला ते सोडायला लावलं आणि सुरी मांडीवर ठेवायला सांगितली. मग म्हणाली, आता तिकडे बघ. मी खिडकीकडे तोंड केलं. बराच वेळ गेला. वळून बघितलं तेव्हा ती अंगठ्यानं मूठ चाचपत होती, पुढून मागे. शेवटाशी आली, थांबली, पुन्हा तिथेच अंगठा नेला आणि हसली. मामा, कितीतरी दिवसांत ती अशी हसली नव्हती. मी काय झालं विचारलं तर म्हणाली की तुझा मामा लबाड आहे. पुढे सांगेचना. म्हणाली, मामालाच विचार. मग दोन्ही हातांनी सुरी उचलून माझ्या हातात दिली. मला मदत करू दिली नाही. शुक्रवारी पहाटे ती गेली. त्रास फार झाला नाही.

मी आता कामाला लागले आहे. सुरी अजून परकीच वाटते. मूठ कडक आहे, तळहाताला फोड आला. बाकी बोटं छान बसतात, पण शेवटी बाजूला एक खाच आहे, तिथे माझी करंगळी लागतच नाही, जागा रिकामी राहते. काल त्यापायी एक कातडं वाकडं तासलं गेलं आणि मी सुरी ठेवून नुसती बसून राहिले. आईला विचारायला वळले होते. कानस सटकली असेल तुमची, घाईत. तिथे लाख भरून घेऊ का? आणि आई कशाला हसली ते सांगाल का?

मामींना नमस्कार. मला विसरू नका.

तुमची ठकी


११ ऑगस्ट

चि. ठकीस मामाचे अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र तुझ्या मामीला वाचून दाखवलं. ताई हसली तिथपर्यंत आलो आणि पुढचं तिलाच वाचावं लागलं. शनिवारचं तिकीट माझ्या खिशात अजून आहे. उभ्यानं आलो असतो तरी चाललं असतं, हे आता सुचतं. ते माझं मला. तू त्याचा विचार करू नकोस.

कानस सटकली नाही. तुझ्या आईनं मला तिची मूठ पाठवली होती, अगदी शेवटची. त्या मातीवर बोटं धड उमटलीच नव्हती. फक्त करंगळी होती, बाजूला, वाकडी, नेहमीसारखी रुसलेली. दुसरी सुरी करू नकोस अशी तिनं ताकीद दिली होती, आणि ती मी पाळली. पण ती करंगळी मला टाकून देववेना. म्हणून ती तुझ्या मुठीत उतरवली. तिच्या अंगठ्याला ती लागली, म्हणजे माझी चोरी तिनं पकडली. भांडण आमचं तेवढ्यावर मिटलं असं मी धरून चालतो.

फोडाला तेल लाव, आणि आठवडाभर सुरी थोडी पुढे धर, म्हणजे कातडं वाकडं जाणार नाही. लाख भरू नकोस. शिसव आहे ते. तुझ्या हाताला दाद द्यायला दहा वर्षं घेईल, मग हळूहळू ती कड झिजेल, खाच बुजेल आणि मूठ सगळी तुझी होईल. तोपर्यंत तेवढी जागा तिची आहे, राहू दे.

मामी पुढच्या महिन्यात तुझ्याकडे राहायला यायचं म्हणते, गुडघे घेऊन. तिला जिना चढताना हात दे. तुझ्या आईनं माझ्यावर लोभ ठेवला, आता तो तू ठेव.

तुझा मामा