जुलैत घाट ओलांडायचा तर

प्रिय मापुलेंग,

तुझा निरोप पोचला. येते आहेस हे बरं झालं. तुमेलोला जाऊन वर्ष होत आलं, आता तुझ्या अंगावरचे सुतकाचे काळे कपडे उतरवायला हवेत, आणि ते नवऱ्याच्याच अंगणात उतरवायचे असतात. त्याला तुझा-माझा इलाज नाही. म्हाताऱ्यानं मात्र दिवस धरलाय तो आपल्या ऐन हिवाळ्यातला, जुलैतला. मी म्हटलं, सप्टेंबरात करू, मोटार तरी वर येईल. तर म्हणतो, "बर्फात आलेली सून बरी. परत जाणार कुठं?" आणि वर हसला. तुला तो रापेलांगच्या घरात घालणार आहे. थोरला गेला की धाकट्यानं त्याची बायको सांभाळायची, हे आपल्याकडे चालत आलेलं. रापेलांगला विचारलं तर एवढा मोठा बाप्या लाजून लाल झाला. "आई, वहिनी मला अजून नाक पूस म्हणते गं, तिच्याशी कसला संसार?" पण म्हाताऱ्यासमोर त्याची दातखीळ बसते.

ते असो. आधी घोड्याचं लिहिते. सडक संपते तिथल्या दुकानापाशी रापेलांग लेरोलेला घेऊन उभा असेल. तुमेलो गेल्यापासून त्याच्यावर फारसं कुणी बसलेलं नाही, तेव्हा जरा आगाऊपणा करेल. तुझा तो पिवळा प्लास्टिकचा रेनकोट चुकूनही आणू नकोस. वाऱ्यात फडफडतो आणि घोडं बुजतं. शिवाय आत घाम साचतो आणि घाटमाथ्यावर तोच घाम गारठून अंगात शिरतो. आपलं लोकरीचं घोंगडंच घे. पट्टे उभे ठेव, खांद्यावर मोठी टाचणी नीट लाव, आणि मागचा घोळ खोगिरावर पसरून बस, म्हणजे घोड्याची कंबरही झाकते. आत दोन स्वेटर, वरचा सैल. माकडटोपी घाल, कशीही दिसलीस तरी वर तुला बघायला मेंढ्यांशिवाय कुणी नाही. गमबूट एक माप मोठे घे, म्हणजे आत जाड मोजे मावतील. पण मोठा बूट रिकिबीत अडकतो, आणि पडल्यावर पाय अडकला तर घोडं फरपटत नेतं. म्हणून मी रुंद रिकिबी लावून घेतल्या आहेत. तरी चढण्याआधी पाय आत-बाहेर करून बघ.

लगामाची लोखंडी कडी रात्रभर थंडीत राहिली की जिभेला चिकटते. घालण्याआधी ती काखेत धरून गरम कर. गार वाटेल, ओरडशील, पण घोड्याचं तोंड सोलण्यापेक्षा ते बरं. खुरांच्या आत चरबी चोप, नाहीतर बर्फाचे गोळे धरतात आणि घोडं उंच टाचांची चप्पल घातल्यासारखं डगमगतं. मुक्कामाला पोचल्यावर खोगीर लगेच काढू नकोस. पोटाखालचा तंग सैल कर आणि पाठ निवू दे.

तुझा पहिला हिवाळा आठवतो का? गारांत भिजून आलेल्या लेरोलेवर तू तुझं लग्नातलं घोंगडं टाकलंस. म्हातारा अंगणभर नाचत होता, "सासरचा मान घोड्याला पांघरला!" तुमेलो भिंतीआड जाऊन पोट धरून हसत होता. मला तेव्हा तू आवडलीस. मान गेला खड्ड्यात, पण तुझी खरी चूक कुणी सांगितलीच नाही. तू ते ओल्या अंगावर टाकलंस. आधी गवताच्या बोळ्यानं खसखसून पुसायचं, मग पांघरायचं.

या वेळी तुझं घोंगडं द्यायची गरज नाही. तुमेलोचे कपडे वाटले तेव्हा त्याचं तपकिरी, कडेला जळलेलं घोंगडं मी मागून घेतलं होतं. ते धान्याच्या दोन रिकाम्या गोण्यांच्या मध्ये घालून लेरोलेसाठी झूल शिवली आहे. छातीपाशी दोन बंद आहेत. शिवताना खूप रडले. पण घोंगडं पेटीत ठेवून कुणाला ऊब येते? लेरोलेनं ती हुंगली आणि बराच वेळ मान खाली घालून उभा राहिला. मीही तिथंच उभी राहिले.

तुला वाटलं असेल, हे सगळं मी तुझ्या येण्यासाठी लिहिते आहे. येताना रापेलांग बरोबर आहे, काही चुकलं तर तो बघेल. हे लिहिलंय ते तुझ्या परतीसाठी, कारण तेव्हा तू एकटी असशील. तुला ठाऊकच आहे, हा म्हातारा तुमेलोचा बाप नव्हे, काका. तुमेलोचा बाप गेला आणि माझे काळे कपडे याच अंगणात उतरवले, तेव्हाही जुलैच होता. घोडा आधीच विकून टाकला होता. माझ्या अंगावर साधा सुती झगा, पायात काही नाही, आणि घाटात कमरेएवढं बर्फ. दिवस मावळताना यानं आपलं दार दाखवलं आणि मी आत गेले. त्यानं कधी हात उगारला नाही, खोटं कशाला बोलू? पण मला कुणी विचारलं नाही. तुला मी विचारते. राहावंसं वाटलं तर राहा, रापेलांग भला आहे. नाहीतर विधी आटोपला की गोठ्याच्या मागं ये. लेरोले खोगीर घालून उभा असेल, खुरांना चरबी लावलेली असेल, आणि कडी माझ्या काखेत गरम असेल. तो घोडा आता तुझा. म्हाताऱ्याची बडबड मी ऐकून घेईन, एवढी वर्षं तेच करते आहे. आईपणाचं ते 'मा' लावून मापुलेंग हे नाव लग्नात आम्ही ठेवलं, पुढे होणाऱ्या मुलीच्या आशेनं. ती काही झाली नाही. ते नाव इथंच ठेवून माहेरच्या नावानं गेलीस तरी मला राग नाही. उतारावर लगाम ढिला सोड, घोड्याला वाट ठाऊक आहे. जपून जा, दिनेओ.

तुझीच,
मातुमेलो