हसू ऐकून काढलेले फोटो

१२ नोव्हेंबर

चि. टिल्लूस,

अनेक आशीर्वाद. लेकीचं लग्न ठरलं, डोक्यावरचे केस गेले, तरी या ताईसाठी तू टिल्लूच. त्याला आता इलाज नाही. इकडे आम्ही दोघं बरे आहोत. बाबांचं जेवण ठीक, झोप ठीक, हट्ट ठणठणीत. माझा गुडघा कुरकुरतो, पण त्याचं ऐकत बसायला मला सवड नसते.

लग्नाचे फोटो तुम्हीच काढा, त्या जुन्या कॅमेऱ्याने, फिल्मवर, असं तू बाबांना फोनवर म्हणालास, त्या दिवसापासून घरात दुसरा विषय नाही. तू बाबांचा फोटो स्टुडिओ चालवायला नाही म्हणालास तेव्हापासून तुमचं बोलणं हवापाण्याच्या पुढे गेलेलं मी ऐकलं नव्हतं. फोन ठेवल्यावर बाबा म्हणाले, "त्याने आपणहून विचारलं." आणि उठून कपाटाकडे गेले.

कॅमेऱ्याची मात्र जरा कटकट आहे. तुला आठवत असेल, त्यात भिंगातून दिसत नाही, वरच्या छोट्या खिडकीतून बघावं लागतं. खिडकीच्या मधोमध पिवळसर ठिपका असतो आणि त्यात समोरचा माणूस दोन-दोन दिसतो. भिंगाची कडी फिरवत गेलं की ते दोघं सरकत सरकत एक होतात. एक झाले की खटका दाबायचा. बाबा म्हणतात, ठिपका पुसट झालाय, म्हणजे आतला आरसा म्हातारा झाला. कॅमेरा दुरुस्तीला दिलाय. लग्नाला अवकाश आहे, तेव्हा काळजी नसावी.

बाकी विशेष नाही.

२७ नोव्हेंबर

टिल्लू, वरचं पत्र मी टाकलंच नाही. टपालपेटी आमच्या कोपऱ्यावरच आहे, तेव्हा जमलं नाही असंही म्हणता येत नाही. त्यात खोटं काही नाही. अर्धवट मात्र आहे.

दुरुस्तीवाल्याने आरसा बदलला. मी स्वतः डोळा लावून पाहिलं. त्याच्या दुकानाच्या पडद्यावरचे पट्टे दोनाचे एक झालेले मला लख्ख दिसले. मग बाबांनी कॅमेरा घेतला. कडी पुढे फिरवली, मागे फिरवली, पुन्हा पुढे. शेवटी त्याच्यावरच डाफरले, की ठिपका नीट करायला दिला होता, तू तो काढूनच टाकलास. दुरुस्तीवाला माझ्याकडे बघायला लागला आणि मी जमिनीकडे.

डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंनी समजावून सांगितलं. डोळ्यातल्या पडद्याचा मधला भाग झिजलाय, कडा शाबूत आहेत. म्हणजे दाराची चौकट दिसते, दारात कोण उभं आहे ते दिसत नाही. गेलेलं परत येणार नाही. बाहेर आल्या आल्या बाबांनी मला बजावलं, टिल्लूला कळता कामा नये, नाहीतर तो दुसरा फोटोग्राफर बघेल. मी मिठाची गुळणी धरली.

पण हात टेकतील तर ते बाबा कसले. भिंगाच्या कडीला एक चिमुकली खुंटी आहे, बोटाला लागते. ती कुठे आली म्हणजे माणूस किती लांब, हे त्यांच्या बोटाला आयुष्यभराच्या सवयीने पाठ आहे. बोलण्याच्या आवाजावरून ते अंतर ओळखतात आणि बोट आपोआप तिथे जातं. खिडकीतली चौकट कडेला असते, ती दिसते, त्यामुळे कुणाचं डोकं कापलं जात नाही. राहता राहिला चेहरा. खटका दाबायचा कधी? त्यावरही त्यांनी तोड काढली. हसू ऐकू आलं की दाबायचं.

तेव्हापासून त्यांच्या सरावासाठी मी नवरीमुलगी झाले आहे. पुढे ये, हस. खिडकीशी जा, हस. आता जिन्यात. गॅसवर दूध ठेवून मी हसले आहे, ओल्या हातांनी हसले आहे. स्वतःच्या लग्नात मी इतकी हसले नव्हते, आणि त्या लग्नाचं पुढे काय झालं ते तुला माहीतच आहे.

आज रीळ धुऊन फोटो आले. काय सांगू, एकूण एक फोटो रेखीव. केसाची बट न् बट मोजून घ्यावी. जिन्याच्या कठड्याची रेघसुद्धा तिरकी नाही. डोळस माणसाला जमणार नाही असं काम.

आणि प्रत्येकात मी. टिल्लू, मी घाबरले रे. तोंड हसतंय आणि बाकीचा चेहरा त्याच्याबरोबर नाहीच. आई शेवटच्या वर्षी अशी दिसायची. पण आई तेव्हा आजारी होती. मला तर काही झालेलं नाही.

बाबांनी विचारलं, "कसे आलेत?"

"स्पष्ट आलेत."

"ते मला माहीत आहे. तू कशी आलीस?"

छान, असं म्हणणार होते. ओठांवर आलंही होतं. पण बाहेर पडलं ते, "दमलेली."

ते फोटोंच्या गठ्ठ्यावरून नुसता हात फिरवत राहिले. मग म्हणाले, "यातला एक त्याला पाठव. मला दिसत नाही, त्याला दिसेल. डोळ्यांचंही लिही."

म्हणून लिहिते आहे. लग्नाचे फोटो त्यांनाच काढू दे. दुसरा कुणी लांबून काढत असला तर असू दे, पण बाबांच्या पुढ्यात नको. तुझ्या लेकीला सांग, आजोबा जवळ आले की मोकळेपणाने मोठ्याने हस. ओढूनताणून नको, ते त्यांना कळतं. माझं कळतच होतं, असं आता वाटतं.

आणि लग्नानंतर त्यांना तुझ्याकडेच ठेवून घे. चार दिवस नाही, कायमचं. मी त्यांना कंटाळलेली नाही, दमले आहे. ही दोन्ही मला एकच वाटत होती, म्हणून आजवर तोंड उघडलं नाही. तुझ्या घरात ते धडपडतील, चिडतील, स्टुडिओ चालवला असतास तर काय झालं असतं हे रोज ऐकवतील. ऐकून घे. मला एक दुपार दाराकडे कान न ठेवता झोपायचं आहे.

जायची तिकिटं दोन काढली आहेत, परतीचं एकच. बाबांना तसं सांगितलं. मला वाटलं होतं, चिडतील. ते म्हणाले, "परतताना खिडकीजवळची जागा घे."

मोठी असून तुझ्याकडे मागणारी,
तुझी ताई