जंगलाचा पडदा

४ ऑक्टोबर २०२५
पडदा माझा! दिवाळीनंतर मंडईत, म्हणजे गावच्या जत्रेत, नव्या नाटकाचा पहिला प्रयोग आहे. त्यासाठी नाटक कंपनीचे गोवर्धनभाऊ बाबांकडे जंगलाचा पडदा मागायला आले होते. बाबा म्हणाले, "यंदा जंगल स्नेहलले करू द्या." भाऊंनी माझ्याकडे पाहिलं. "पोट्टी तं घराचे नकाशे काढते ना?"
काढते. अर्जुनीला, इंजिनिअरच्या ऑफिसात. त्याने काय बिघडतं?
बाबांच्या पडद्यांच्या खालच्या कोपऱ्यात 'हिरालाल पेंटर, केशोरी' वाचत मोठी झाले. या पडद्यावर माझं एकटीचं नाव हवं. बाबांना स्पष्ट सांगितलं — तुम्ही ब्रश लावायचा नाही. "बरं," म्हणाले. इतकंच.

५ ऑक्टोबर, रविवार
मागच्या मांडवात कापड ताणलं. वीस फूट बाय चौदा. क्षितिज, पायवाट, झाडं — सगळं दोरी धरून आखलं. बाबा चहाचा कप घेऊन उभे. "हे झाडं हायेत का इजेचे खांब?"
आई विड्या वळता वळता हसली. मी हसले नाही. (आत जाऊन हसले.)

८ ऑक्टोबर
सकाळी पाहिलं तर तिसरं झाड वाकलेलं! रंग अजून ओला. बाबांना विचारलं.
"चांगलं दिसून राहिलं ना?"
"प्रश्न तो नाही."
"मंग कोनता हाये?"
झाड सरळ केलं.

९ ऑक्टोबर
पुन्हा वाकलं!

१२ ऑक्टोबर
बाबांशी बोलणं बंद. निरोप आईमार्फत. "तुहा बाप म्हणते, रंगात सरस कमी झाला." — त्यांना सांग, रंग धरायला लागतो तेवढा मोजून घातला आहे. "मी का पोस्टमन हाओ?" म्हणाली आणि निरोप पोचवला.
आता खरं ते लिहिते. वाकलेलं झाड बरोबर आहे. मी आखलेली पायवाट नुसती संपत होती. आता ती झाडामागे वळून पुढे गेल्यासारखी वाटते. आज झाड सरळ केलं नाही. बुंध्याखाली सावली घातली.

१३ ऑक्टोबर
सावलीत वारूळ उगवलं आहे. मी वारुळाला एक तडा दिला. बघू.

१६ ऑक्टोबर
तड्यातून गवत आलं. गवताला मी वारा दिला — एका बाजूला झुकवलं. सकाळी मागची पानंही त्याच बाजूला वळलेली! ऑफिसात जिन्याचा नकाशा काढताना एकटीच हसत होते. साहेबांनी पाहिलं.
बाबांशी बोलणं सुरू. पडद्याविषयी नाही. बोललं तर हे थांबेल असं वाटतं.
नावाचा कोपरा अजून रिकामा. एकटीचं लिहिणं आता खोटं होईल. पण हिरालाल पेंटर आधीच सगळीकडे आहेत. एक पडदा तरी त्यांच्यावाचून हवा होता.

१८ ऑक्टोबर
बाबा रंग आणायला गोंदियाला गेले. शेवटची बस चुकली. फोन आला, आत्याकडे मुक्काम.

१९ ऑक्टोबर
बाबा गोंदियालाच आहेत. पडद्यावर पळसाची नवी फांदी आहे. ओली.
घरात दुसरं कोण? आई चहा ठेवत होती.
"तू?"
"पाहाटे झोप नाही येत मले."
"कधीपासून हे?"
"तू पाळण्यात होतीस तवापासून. तुह्या बापाले महाल जमते, मानसं जमतात. झाडं नाही जमत."
"बाबांना माहीत आहे?"
"नाही तं का! कोरी जागा सोडून झोपते तो."
चहा उतू गेला, दोघींनीही पाहिला नाही.
"मला काऊन नाही सांगितलं? ब्रश लावायचा नाही म्हटलं होतं मी."
"बापाले म्हटलंस. मले कुठं म्हटलं?"

२१ ऑक्टोबर
कोपऱ्यात नावं लिहिली — स्नेहल, पार्वताबाई. आईने दोन्ही नावं वाचली. "माहं मांगं काऊन?"
पुसायला ओलं फडकं ती घेऊनच आली होती.