वाती कुणी वळल्या

आई, हे मराठीत लिहितेय त्याचं एक कारण म्हणजे माझ्या मुलाला मराठी नीट वाचता येत नाही. हिंदी शाळेत शिकलेला पोरगा, दोन ओळींत थकतो. म्हणजे चोरून वाचायची भीती नाही. माझा स्वभाव संशयी आहे हे तूच येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचीस. पण तो तसा झाला कुणामुळे?

धारच्या घरात रोज दुपारी जेवणं आटपली की तू दादाला घेऊन देवघराच्या खोलीत जायचीस आणि आतून कडी लावायचीस. दादा माझ्याहून पाच वर्षांनी मोठा, पण त्याच्या शर्टाची बटणं तू लावायचीस. शाळेनं त्याला घेतलं नव्हतं. लोक तोंडावर भोळा म्हणायचे आणि पाठ फिरली की पागल. मला पक्कं वाटायचं, आत त्याला पेढे मिळतात. चार वाजता तो बाहेर आला की मी त्याचं तोंड हुंगायची. एकदा त्याच्या कॉलरवर पांढरं काहीतरी चिकटलेलं दिसलं. बुढिया के बाल, दुसरं काय असणार? बोटानं उचलून चाटलं. चव काहीच नव्हती, तरी संशय गेला नाही; वाटलं, गोड तेवढं त्यानं आधीच चोखून घेतलं. तू बघितलंस. मारलं नाहीस. म्हणालीस, "दिवसभर गावभर उंडारतेस ना? मग त्याच्या दोन तासांवर डोळा ठेवू नकोस." मी आठ वर्षांची होते, आणि ते बोलणं अजून टोचतं.

चैत्रातलं हळदीकुंकू आठवतं. बायका बसल्यात, तू फुलवातींचा डबा फिरवतेयस, आणि सगळ्या म्हणतायत, वाती वळाव्यात तर तुम्हीच. दादा कोपऱ्यात टाळ्या पिटत हसतोय. चारचौघांत लाज आणतो म्हणून मी त्याला चिमटा काढते, चांगला पीळ देऊन. तो रडत नाही. तू सगळं बघतेस आणि मला एक शब्द बोलत नाहीस. का, ते कळायला मला चाळीस वर्षं लागली.

तू गेल्यावर तो बाबांजवळ राहिला आणि बाबा गेल्यावर मी त्याला देवासला आणलं. या श्रावणात कापूस घेऊन बसले, तर माझ्या वाती म्हणजे नुसत्या अळ्या. दादा जवळ सरकला, माझ्या हातातून कापूस ओढून घेतला. "हट. असं नस्तं." सरकी काढली, बोटांना राख लावली, आणि एक फुलवात वळून माझ्यासमोर ठेवली. तुझ्या डब्यातली असायची, अगदी तशीच. मग दुसरी, मग तिसरी. मला आधी राग आला, मग रडू आलं. त्या सगळ्या त्याच्याच होत्या ना, आई? माझ्या रुखवतात मांडल्या होत्या त्यासुद्धा?

मी स्वतःची समजूत घालून पाहिली. त्याच्या हातच्या म्हटल्यावर बायकांनी त्या देवापुढे लावल्या नसत्या, म्हणून तू लपवलंस. पटतंही. पण मला दुसरीच शंका येते आणि ती काही केल्या जात नाही. तुला ते कौतुक आवडायचं. घरात तुझं कौतुक करणारं होतं तरी कोण, हेही मला माहीत आहे. तरी त्याच्या वाट्याला आलं असतं असं ते एकच होतं, आणि तू ते घेतलंस. मी ठरवलं, जी पहिली बाई विचारेल तिला खरं सांगायचं.

मंगळवारी भजनाच्या काकू आल्या, मूळच्या आपल्या धारच्याच. वाती तळहातावर घेऊन म्हणाल्या, "क्या बात है. कुणी वळल्या गं? हुबेहूब तुझ्या आईचा हात." दादा समोरच बसला होता, माझ्याकडे बघत.

मी म्हटलं, मीच.

काकूंनी माझ्या पाठीवरून हात फिरवला. इतकं बरं वाटेल असं मला वाटलं नव्हतं. हे पत्र दादाला वाचून दाखवायचं होतं, त्याच्यासाठीच लिहायला घेतलं होतं खरं तर. नाही दाखवलं. त्याला सगळं कळेल, अशी भीती वाटली.